ख्रिस्ती हायस्कूलचा प्रॉम आणि मुलाचा पोशाख : पत्रक हाती आल्यापासून कोट परत करेपर्यंत

अमेरिकेतल्या ख्रिस्ती हायस्कुलांतून हिवाळा सरता सरता प्रॉमचे, म्हणजे वरच्या वर्गांतल्या मुलामुलींच्या नटूनथटून जायच्या औपचारिक संध्याकाळच्या कार्यक्रमाचे, पत्रक घरी येते. मुलींच्या पोशाखाविषयी त्यात पाऊण पान मजकूर असतो. गळा किती खोल चालेल, पाठ किती उघडी चालेल, घेराची चीर कुठपर्यंत असावी, हे सगळे बारकाईने लिहिलेले असते. मुलांच्या वाट्याला दोन ओळी येतात : टक्सीडो (संध्याकाळचा काळा औपचारिक कोट-पँट) किंवा सूट, टाय, औपचारिक बूट. त्या दोन ओळी वाचून आईवडील निश्चिंत होतात आणि पुढच्या घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते. मी मूळची नगरची. गेली बरीच वर्षे न्यू जर्सीत राहते आणि दर वसंतात आमच्या चर्चमधल्या व मराठी मंडळातल्या मुलांचे कोट आणि पँटी घरच्या मशीनवर बसवून देते. प्रॉमच्या आदल्या संध्याकाळी ज्या मुलांना घेऊन पालक धावत येतात, त्यांच्यापैकी नियम मोडायला निघालेला मुलगा मला क्वचितच भेटला आहे. पत्रकाने जे गृहीत धरले आणि लिहिले नाही, ते त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ते इथे क्रमाने लिहीत आहे.

पत्रक कसे वाचावे

‘ख्रिस्ती प्रॉम’ या एका नावाखाली तीन निरनिराळे कार्यक्रम येतात, तेव्हा आपल्या मुलाचा त्यांतला कोणता हे आधी ओळखावे. कॅथलिक हायस्कूलचा प्रॉम बहुधा एखाद्या हॉटेलच्या किंवा बँक्वेट हॉलच्या मोठ्या दालनात, जेवण आणि नाच यांसह होतो. बॅप्टिस्ट आणि इतर इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलवर विशेष भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, शाळांपैकी पुष्कळ ठिकाणी नाच नसतो. तिथे अकरावी-बारावीच्या मुलांचे ‘ज्युनियर-सीनियर बँक्वेट’ असते, म्हणजे जेवण, गाणी, भाषणे आणि फोटो. नाचाविषयीचा हा संकोच जुना आहे. टेक्सासमधल्या बॅप्टिस्ट परंपरेच्या बेलर विद्यापीठाने आपल्या आवारात नाचाचा पहिला अधिकृत कार्यक्रम १९९६ साली होऊ दिला आणि इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात तर त्यासाठी २००३ साल उजाडावे लागले. तिसरा प्रकार मुलांना घरीच शिकवणाऱ्या (होमस्कूल) कुटुंबांनी एकत्र येऊन भरवलेल्या प्रॉमचा. तिथे नियम पालकांची समिती ठरवते आणि ते बहुधा तिन्हींत सर्वांत काटेकोर असतात.

हा फरक कपड्यांनाही लागू होतो. बँक्वेटला मुलगा तीन तास कोट घालून बसणार असतो, म्हणून कोट त्याला बसवून पाहावा लागतो. प्रॉमला तो हात वर करून नाचणार असतो, म्हणून बगल आणि पाठ यांची मोकळीक पाहावी लागते. दुकानातल्या आरशासमोर ताठ उभे राहून यांपैकी काहीच कळत नाही.

आता शब्द. ‘ब्लॅक टाय’ असे लिहिले असेल तर टक्सीडो आणि बो, म्हणजे फुलपाखरासारख्या गाठीचा आखूड टाय, हवा. शब्दशः ‘काळा टाय’ असा अर्थ घेऊन ऑफिसच्या सुटावर काळा लांब टाय बांधून गेलेला मुलगा मी पाहिला आहे. त्याला कोणी परत पाठवले नाही, पण सगळ्या फोटोंत तो अवघडून उभा आहे. ‘फॉर्मल’ लिहिले असेल तर टक्सीडो किंवा गडद सूट, यांपैकी काहीही चालते आणि टाय किंवा बो सक्तीचा असतो. ‘सेमी-फॉर्मल’ला सूट किंवा ब्लेझर आणि टाय पुरतो. पत्रकात काहीच स्पष्ट नसेल तर काळा, गडद निळा किंवा गडद राखाडी सूट, पांढरा शर्ट आणि साधा टाय हा बेत सहसा कुठेही चुकत नाही.

त्यानंतर पेन्सिल घेऊन पुढील गोष्टी शोधाव्यात आणि त्यांच्याखाली रेघ ओढावी. जीन्स, स्नीकर्स, टोपी, गॉगल आणि शोभेची काठी यांवर बहुतेक ठिकाणी बंदी असते. शर्ट रात्रभर खोचलेला आणि बटणे लावलेली असावीत, असे बहुधा लिहिलेले असते. दाढी, मिशी, कॉलरवर येणारे केस आणि कानातले यांविषयी फक्त मुलांच्या कॅथलिक शाळांत रोज लागू असलेले नियमच बहुधा प्रॉमलाही लागू असतात, मग ते पत्रकात पुन्हा लिहिलेले असोत वा नसोत. बाहेरच्या शाळेतून येणाऱ्या पाहुण्याला वेगळा अर्ज भरावा लागतो आणि त्याच्या पोशाखाची जबाबदारी आपल्या मुलावर येते. नियम मोडल्यास दारातून परत पाठवले जाईल आणि तिकिटाचे पैसे मिळणार नाहीत, ही ओळ बहुतेक पत्रकांच्या तळाशी असते आणि शाळा ती पाळतात. शंका असेल तर शाळेच्या डीनना, म्हणजे शिस्तीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना, ईमेल करावी व आलेले उत्तर मुलाच्या फोनमध्ये ठेवावे, कारण दाराशी उभी असलेली व्यक्ती आपण ज्यांना विचारले तीच असेल असे नाही.

नियमांमागचा हेतू मुलांनाही समजावून सांगावा. सभेत सोन्याची अंगठी घातलेला आणि उंची वस्त्रे ल्यालेला मनुष्य आला की त्याला मानाची जागा द्यायची आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला ‘तू तिकडे उभा राहा’ म्हणायचे, या वागण्याला याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कडक शब्दांत फटकारले आहे. सगळी मुले साधारण एकाच जातीच्या काळ्या-पांढऱ्या कपड्यांत आली की भाड्याचा कोट कोणता आणि विकतचा कोणता, हे चार पावलांवरून ओळखू येत नाही. औपचारिक पोशाखाचा हा गुण मला त्याच्या रुबाबापेक्षा मोठा वाटतो.

दिवस मोजून घ्यावेत

प्रॉम साधारणपणे एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत होतात आणि लग्नांचा हंगामही त्याच सुमारास सुरू होतो. म्हणून प्रॉमच्या आठ आठवडे आधी भाड्याने घ्यायचे की विकत ते ठरवावे आणि सहा आठवडे आधी मापे द्यावीत. नाताळात मोजलेली मापे मात्र चालत नाहीत. सतरा वर्षांचा मुलगा चार महिन्यांत बाहीला अर्धा-पाऊण इंच कमी पडेल इतका सहज वाढतो. फुलांची मागणी दोन आठवडे आधी नोंदवावी. कपडे शक्य तितके लवकर, निदान तीन-चार दिवस आधी ताब्यात घ्यावेत आणि ज्या दिवशी घेतले त्याच दिवशी, बुटांपासून बो पर्यंत सगळे एकदा अंगावर चढवावे.

ही शेवटची सूचना मी अनुभवाने शिकले आहे. माझ्या थोरल्या मुलाचा टक्सीडो गुरुवारी आला. कोट बाहेरून पाहिला, छान वाटला, पिशवी तशीच कपाटात टांगली. शनिवारी दुपारी दोन वाजता शर्ट काढला तेव्हा त्याच्या छातीवर दोन्ही बाजूंना नुसतीच काजे होती, बटण एकही नव्हते. तिथे लावायचे चार काळे स्टड, म्हणजे काजांतून ओवायची सुटी बटणे, दुकानाने पिशवीत घातलेच नव्हते. दुकानात कोणी फोन उचलेना. शेवटी जुन्या कोटाची दांडीची काळी बटणे काढली, प्रत्येकाच्या मागे एक लहान पांढरे बटण जाड दोऱ्याने अर्ध्या सेंटीमीटरचे अंतर ठेवून बांधले आणि ती जोडी दोन्ही काजांतून ओवली. काम झाले, पण तासभर त्या मुलाच्या चेहऱ्यावर जी काळजी होती ती टाळता आली असती.

टक्सीडो की सूट, भाड्याचा की विकतचा

टक्सीडो हा संध्याकाळचा पोशाख आहे आणि त्याचा जन्म सोयीसाठी झाला. लांब शेपटीचा कोट घालून जेवायला बसणे गैरसोयीचे होते, म्हणून लंडनच्या सॅव्हिल रो वरच्या हेन्री पूल या शिंप्यांच्या पेढीने १८६५ साली प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, आखूड कोट शिवला. १८८६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या टक्सीडो पार्क या वसाहतीच्या क्लबात तशा आखूड कोटाने अमेरिकेत पाऊल टाकले असे सांगतात आणि गावाचे नाव कोटाला चिकटले. ते गाव न्यू जर्सीच्या सीमेजवळच आहे.

टक्सीडो आणि सूट यांतला फरक रेशमी कापडात आहे. टक्सीडोच्या लॅपेलवर (कॉलरखालच्या, छातीवर दुमडलेल्या पट्टीवर), बटणांवर आणि पँटच्या बाहेरच्या शिवणीवरून खाली उतरणाऱ्या पट्टीवर सॅटिन किंवा ग्रोग्रेन (बारीक उठावदार रेघांचे कापड) असते. पँटला पट्ट्यासाठी लूप नसतात आणि खाली बाहेरची दुमड नसते. सुटाचे सगळे एकाच कापडाचे असते आणि त्याला पट्टा लागतो. एकाचा कोट आणि दुसऱ्याची पँट अशी जोडी लावू नये. दिव्यांखाली दोन काळे रंग वेगळे दिसतात.

माझा सल्ला असा : पत्रकात ब्लॅक टाय असेल किंवा मुलाची उंची अजून वाढत असेल तर टक्सीडो भाड्याने घ्यावा. पत्रकात सूट चालत असेल आणि मुलगा बारावीत असेल तर गडद निळा सूट विकत घ्यावा, कारण तोच सूट पदवीदान समारंभाला, कॉलेजच्या मुलाखतीला आणि ईस्टरच्या उपासनेला कामी येतो. भाड्याचा पूर्ण संच साधारण दीडशे ते अडीचशे डॉलरला पडतो. चांगल्या सवलतीत घेतलेला साधा सूट त्याच्या फार पुढे जात नाही. हेही परवडणारे नसेल तर संकोच न करता आपल्या चर्चच्या कचेरीत विचारावे. वसंतात बऱ्याच ठिकाणी दान म्हणून आलेले औपचारिक कपडे मुलांना विनामूल्य देतात आणि त्यांत एकदाच घातलेले उत्तम कोट निघतात. खांद्याला बसणारा कोट मिळाला की बाकीचे शिंप्याकडून दुरुस्त होते.

मापे

अमेरिकन कोटाचा आकडा म्हणजे छातीचे माप इंचांत, आणि त्यापुढे शॉर्ट, रेग्युलर किंवा लाँग ही उंचीची खूण. पाच फूट आठ ते अकरा इंच उंचीला साधारणपणे रेग्युलर लागतो. तयार सुटात पँटची कंबर छातीपेक्षा सहा इंचांनी कमी धरलेली असते. म्हणजे ३८ च्या कोटाबरोबर ३२ ची पँट येते. आपली मुले या वयात पुष्कळदा सडपातळ असतात, छाती ३६ आणि कंबर २८, त्यामुळे कोट बसतो आणि पँट लोंबते. विकत घेताना कोट आणि पँट वेगवेगळ्या मापांत मिळतील असेच दुकान निवडावे. भाड्याच्या पँटच्या कमरेला बाजूंना आवळायच्या पट्ट्या असतात, त्यांनी इंच-दोन इंचांची सोय होते.

टेप कापडाचा घ्यावा आणि माप दुसऱ्याने घ्यावे. छाती बगलेच्या खालून, टेप पाठीवर आडवा राहील असा मोजावी, एक बोट आत सरकेल इतका सैल. दुसरे माप हात खाली सोडून दोन्ही दंडांवरून फिरवून घेतात. रुंद खांद्यांच्या मुलाचा आकडा त्यावरूनच ठरतो. गळ्याच्या मापात दोन बोटे मावावीत. बाहीसाठी शर्टाचे माप मानेच्या मधल्या मणक्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंत घ्यावे, कोपर किंचित वाकवून.

खरी चूक पँटच्या उंचीत होते. आजची मुले जीन्स कमरेच्या हाडाखाली घालतात आणि तिथूनच माप देतात. टक्सीडोची पँट मात्र बेंबीच्या जवळ, पोटावर बसते. खालून घेतलेल्या मापाची पँट वर ओढली की घोटा उघडा पडतो, आणि ती तशीच खाली घातली की पँटचा कंबरपट्टा व कमरबंद (कमरेभोवती बांधायची चुण्यांची रुंद पट्टी) यांच्यामध्ये पांढऱ्या शर्टाची पट्टी दिसू लागते. म्हणून बाहेरच्या शिवणीचे माप बेंबीपासून बुटाच्या टाचेच्या वरच्या कडेपर्यंत, औपचारिक बूट पायात घालूनच घ्यावे. पँटची कड बुटावर हलकेच टेकावी, एकच लहान मोड पडावी. चुण्यांचा ढीग साचू नये.

कोट अंगावर

कोट पाहताना पहिली नजर खांद्यावर जावी. बाहीची शिवण खांद्याचे हाड संपते तिथेच संपली पाहिजे. बाही, लांबी, कंबर यांत मी घरी बदल करू शकते, पण खांदा उसवून पुन्हा बसवणे हे मोठे आणि महागडे काम आहे, म्हणून खांदा चुकला तर तो कोट घेऊच नये. दुसरी नजर मानेमागे : कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून राहावी, तिच्यावर अर्धा इंच पांढरी कड दिसावी आणि मधे फट पडू नये. कोटाची बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी आणि शर्टाचा कफ तिच्याबाहेर पाव ते अर्धा इंच दिसावा. लांबी बैठक झाकेल इतकी असावी. बटण लावल्यावर त्याच्याभोवती इंग्रजी एक्स अक्षरासारख्या रेघा ओढल्या गेल्या तर कोट पोटाला घट्ट आहे.

दोन बटणांच्या कोटाचे वरचे लावावे आणि खालचे कधीही लावू नये. बसताना बटण काढावे, उठताना लावावे. ही सवय एका दिवसात अंगवळणी पडत नाही. आठवडाभर घरी जेवणाच्या टेबलावर कोट घालून बसवले की मुलाचा हात आपोआप तिकडे जाऊ लागतो. लॅपेल टोकदार किंवा शालीसारखी गोल असेल तर टक्सीडोला परंपरेने अधिक शोभते. खाच असलेली लॅपेल मूळची सुटाची, पण भाड्याच्या दुकानांत तीही सर्रास मिळते आणि शाळेची त्याला हरकत नसते.

विकत घेतलेल्या कोटाच्या बाहीवर कंपनीचे कापडी लेबल टाचलेले असते. ते काढायचे असते, मिरवायचे नसते. मागच्या चिरेवर तिरक्या टाक्यांनी मारलेली फुली आणि खिशांचे टाकेही बारीक कात्रीने काढावेत. नव्या कोटाची मागची फुली तशीच ठेवून आलेली मुले मी दरवर्षी फोटोंत पाहते. भाड्याच्या कोटाला मात्र कात्री अजिबात लावू नये.

शर्ट, बो आणि कमरबंद

शर्ट पांढरा असावा. टक्सीडोच्या शर्टाला छातीवर बारीक चुण्या किंवा विणीचे जाड कापड असते, बटणांऐवजी स्टड आणि दुमडून कफलिंक (कफ जोडायची सुटी बटणे) लावायचे कफ असतात. कॉलर नेहमीची पडती घ्यावी. उभी टोके असलेली कॉलर शेपटीच्या कोटाबरोबर शोभते आणि तिच्या मागे तयार बोचा हूक उघडा पडतो. शर्टाच्या आत खोल गळ्याचा साधा पांढरा बनियन असावा. नाचून घाम आल्यावर पातळ शर्टातून छपाईचा टी-शर्ट आरपार दिसतो, आणि शर्ट उघडा टाकू नये हा नियम ज्या शाळेत आहे तिथे तो प्रश्न आणखी मोठा होतो.

बो ची रुंदी डोळ्यांच्या बाहेरच्या कडांमधल्या अंतराहून जास्त नसावी. तयार बांधलेला बो वापरण्यात काही कमीपणा नाही, पण स्वतः बांधायला शिकणाऱ्या मुलाला मी आनंदाने शिकवते. उजवे टोक डाव्यापेक्षा दीड इंच लांब ठेवावे. लांब टोक आखूड टोकावर टाकून गळ्याजवळच्या फटीतून खालून वर काढावे आणि खांद्यावर टाकून ठेवावे. आता आखूड टोक जिथे रुंद आहे तिथे दुमडून गळ्यासमोर आडवे धरावे. हा झाला बो चा पुढचा भाग. लांब टोक त्याच्या मध्यावरून सरळ खाली सोडावे. मग त्याचीही तशीच घडी करून ती मागच्या फटीत बोटाने ढकलावी. शेवटी पुढच्या-मागच्या घड्या एकेक करून, थोड्या थोड्या ओढून सारख्या कराव्यात. पहिल्या दहा वेळा तो वाकडा येतो. गळ्यावर जमेना तर गुडघ्याच्या वर मांडीवर बांधून सराव करावा. तिथे दोन्ही हात दिसतात.

लांब टाय असेल तर त्याचे टोक पट्ट्याच्या बकलाशी संपावे. आपल्या जोडीदारीण मैत्रिणीच्या पोशाखाच्या रंगाचा टाय आणि वेस्ट (कोटाच्या आतले बिनबाह्यांचे जाकीट) घालण्याची अमेरिकन मुलांत रीत आहे. रंग जुळवायचा असेल तर कापडाचा तुकडा किंवा पोशाखाच्या लेबलावरचे रंगाचे नाव घेऊन दुकानात जावे. फोनवरच्या फोटोत गुलाबी आणि जांभळा यांची हमखास अदलाबदल होते.

कमरबंदाविषयी मला विशेष माया आहे, कारण तो आपल्याकडचा. इंग्रज अधिकारी हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात वेस्टचा कंटाळा करू लागले, त्यांनी इथला कमरबंद उचलला, शब्दही तोच नेला आणि आज अमेरिकन मुलगा तो दुकानात ‘कमरबंड’ म्हणून मागतो. त्याच्या चुण्यांची तोंडे वर असतात, खाली नव्हे. तो पँटच्या कमरेचा जोड झाकेल असा, अर्धा पँटवर आणि अर्धा शर्टावर बसवावा. कमरबंद किंवा वेस्ट, यांपैकी एकच घालावे. दोन्हींबरोबर पट्टा घालू नये. पँट घसरत असेल तर आतून गॅलिस लावावेत.

पायांपासून कानांपर्यंत

काळे, बांधायचे, गुळगुळीत चामड्याचे बूट कोणत्याही नियमात बसतात. टक्सीडोबरोबर चकचकीत पेटंट लेदर शोभते. भाड्याचे बूट बहुधा टोचतात, म्हणून स्वतःचे काळे बूट पॉलिश करून घालणे मला अधिक पसंत आहे. पॉलिश आदल्या रात्री करावे, नाहीतर ते पँटच्या कडेला लागते. मोजे काळे आणि पोटरीपर्यंत उंच असावेत. बँक्वेटला पायावर पाय टाकून बसल्यावर उघडी नडगी दिसू नये. नाचासाठी स्नीकर्स बॅगेत घालून न्यायची मुलांना हौस असते. पत्रकात परवानगी नसेल तर नेऊ नयेत.

केस प्रॉमच्या पाच-सहा दिवस आधी कापावेत, म्हणजे ताजी कातरलेली कड मऊ पडते. दाढी त्याच दिवशी सकाळी करावी, शर्ट घालायच्या बऱ्याच आधी, कारण पांढऱ्या कॉलरवरचा रक्ताचा ठिपका धुतल्यावाचून जात नाही.

आपल्या घरांपुढे इथे काही खास प्रश्न येतात. मुंजीनंतर किंवा हौसेने घातलेली भिकबाळी शाळेच्या दृष्टीने कानातले ठरते. ती संध्याकाळपुरती काढून ठेवणे सोपे असते. मनगटावरचा देवाचा दोरा कफखाली राहतो आणि त्याविषयी सहसा कोणी विचारत नाही. शीख मुलाची पगडी हा त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. टोपीच्या बंदीत ती मोडत नाही हे शाळेकडून आधीच लेखी घेऊन ठेवावे. ख्रिस्ती शाळांमधल्या लोकांना श्रद्धेची भाषा चांगली कळते, म्हणून असा प्रश्न तक्रारीच्या सुरात न मांडता श्रद्धेचा म्हणून मांडावा.

बंदगळा किंवा शेरवानी चालेल का, हे पालक मला सर्वांत जास्त विचारतात. काळा किंवा गडद निळा बंदगळा, म्हणजे जोधपुरी कोट, औपचारिकतेत टक्सीडोला कुठेही उणा नाही. पण ‘टाय आवश्यक’ असे पत्रकात लिहिले असेल तर दारावरच्या माणसाकडे तो बसवायला रकाना नसतो. म्हणून महिनाभर आधी डीनना फोटोसह विचारावे. जरीकामाची शेरवानी मी स्वतः सुचवत नाही. ती लग्नाच्या वराची आहे, आणि एका मुलाच्या भरजरी कपड्यांकडे सगळ्या दालनाची नजर जावी हे या संध्याकाळच्या हेतूशी जुळत नाही. परवानगी मिळाली तर साधा बंदगळा, खिशात पांढरा रुमाल आणि काळे बूट घालावेत. मोजड्या घालू नयेत.

फूल

मुलाच्या कोटावर लागणारे लहान फूल म्हणजे बूटोनिअर आणि मुलीच्या मनगटावरचा फुलांचा गजरा म्हणजे कोर्साज. रीतीप्रमाणे कोर्साज मुलगा आणतो आणि बूटोनिअर मुलीकडचे आणतात. गजऱ्याची सवय असलेल्या आपल्या आयांना हे सांगावे लागत नाही, पण तो हातात बांधायचा असतो हे सांगावे लागते. बूटोनिअर डाव्या लॅपेलवर, काजाच्या जागी लावतात. देठ खाली, फूल किंचित तिरपे. टाचणी लॅपेलच्या मागून घालून देठातून फिरवून पुन्हा मागेच आणावी, म्हणजे पुढे धातू दिसत नाही आणि मिठी मारताना कोणाला टोचत नाही. तोवर फूल फ्रिजमध्ये, फळांपासून दूर ठेवावे.

त्या दिवशीचा क्रम

दुपारी तीनपर्यंत शर्टाला इस्त्री करून तो टांगून ठेवावा. कपडे घालण्याचा क्रम बनियन, मोजे, शर्ट, पँट, स्टड व कफलिंक, बो, कमरबंद, बूट आणि सर्वांत शेवटी कोट असा ठेवावा. कफलिंक मुलाला एकट्याला सहज लावता येत नाहीत, तिथे कोणीतरी लागते. जेवायचे काही असेल तर कोट चढवण्याआधी द्यावे. खिशात तिकीट, शाळेचे ओळखपत्र, पातळ पाकीट, दोन टाचण्या आणि एक स्वच्छ रुमाल एवढेच असावे. फोन पँटच्या पुढच्या खिशात कोंबला की पँटची शिवण दिवसभर वाकडी दिसते, तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या, म्हणजे मिडवेस्टमधल्या, काही गावांत प्रॉमच्या सुरुवातीला ‘ग्रँड मार्च’ असतो, त्यात जोड्या पालकांसमोरून ओळीने चालत जातात. तिथे आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेला कोट अंगात आणि बटण लावलेले असावे. जेवण आणि अधिकृत फोटो झाल्यावर बहुतेक शाळा कोट काढू देतात. काढलेला कोट खुर्चीच्या पाठीवर नीट टांगावा, बाह्या मनगटाच्या वर एक-दोनदाच दुमडाव्यात, बो गळ्यात सोडून लोंबकळत ठेवू नये. मैत्रिणीला थंडी वाजली तर कोट तिच्या खांद्यावर द्यावा, मात्र त्याआधी टाचणीचे फूल काढावे.

रात्री घरी आल्यावर कोट खुर्चीवर फेकू न देता टांगावा. सकाळी प्रत्येक खिसा उलटून पाहावा, लॅपेलमधली टाचणी काढावी, डाग पडला असेल तर स्वतः घासू नये, दुकानाला सांगावा. भाड्याचे कपडे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत करायचे असतात आणि उशीर झाल्यास दंड लागतो. रविवारी उपासना आटोपून येताना ते काम उरकणे सोयीचे, दुकान उघडे आहे एवढी खात्री करून घ्यावी. शर्ट, पँट, कोट, कमरबंद, बो आणि बूट मोजून पिशवीत घालावेत, चार स्टड व दोन कफलिंक त्यांच्या लहान पाकिटात परत ठेवावेत, आणि दुकानदाराने सगळे मोजून घेतल्याची पावती हातात पडल्याशिवाय काउंटरवरून निघू नये.